एका रात्रीची शिरगणती

बेघरांविषयीचे एक मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. महापालिकेच्या निवेदनात ते सापडते, न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात सापडते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तर रोजच सापडते. त्याची मांडणी साधारण अशी : शहरात बेघर किती ते जनगणनेने मोजले आहे. त्यांच्यासाठी निवारे उघडले, तर तिथल्या जागा रिकाम्या राहतात. म्हणजे ज्यांना छप्पर हवे होते त्यांची सोय झाली. उरलेले आपल्या मर्जीने रस्त्यावर आहेत. ते बहुतेक बाहेरून आलेले आणि काम टाळणारे आहेत. सोयी वाढवल्या तर आणखी येतील. तेव्हा आता काम उरले ते पदपथ मोकळे करण्याचे.

हा पूर्वपक्ष निर्दयपणाचा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, आणि चळवळीतली मंडळी बऱ्याचदा तेच करतात. पण हा पक्ष आकड्यांवर उभा आहे, आणि आकड्यांवर उभ्या असलेल्या पक्षाचे खंडन करुणेने होत नाही. शिवाय त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, जो करुणावालेही सहसा विचारत नाहीत : शहरातला बेघरपणा कमी झाला, हे ओळखायचे कशावरून?

आधी आकडेच पाहू. २००१च्या जनगणनेत देशात १९.४३ लाख बेघर नोंदले गेले, २०११मध्ये १७.७३ लाख. लोकसंख्या वाढली आणि बेघर घटले. पूर्वपक्षाला याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार? पण बेरीज उलगडली की साक्ष फिरते. घट झाली ती खेड्यांत. शहरांतले बेघर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले, म्हणजे एक पंचमांशाने वाढले. महाराष्ट्रात २.१ लाख बेघर निघाले, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. पुढची जनगणना २०२१ला व्हायची, ती झाली नाही. आता तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे. मधल्या सगळ्या काळात मुंबईच्या बेघरांविषयी जो कुणी बोलला, तो कळत-नकळत त्या ५७ हजारांभोवतीच फिरत राहिला.

हा आकडा तयार कसा झाला? जनगणनेत बेघरांची नोंद प्रगणनाच्या अखेरच्या रात्री करतात. २०११मध्ये ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, रेल्वेचा फलाट, देवळाचे आवार, रस्त्याकडेला पडलेले मोठे पाइप अशा जागा प्रगणकाने आधी हेरून ठेवायच्या आणि त्या रात्री तिथे जो भेटेल तो लिहून घ्यायचा. आता घाऊक बाजारातला हमाल रात्री दोनला माल उतरवत असतो. एकटी बाई उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत झोपत नाही. ती आडोसा शोधते, आणि जो आडोसा पुरुषांना सापडत नाही तोच तिला हवा असतो. म्हणजे जी सर्वांत असुरक्षित, ती मोजणीतून निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त. यात प्रगणकाचा दोष नाही. एका रात्रीत एवढेच होते.

खरी मेख व्याख्येत आहे. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे जो ‘जनगणना घरा’त राहत नाही तो; आणि जनगणना घर म्हणजे स्वतंत्र प्रवेशद्वार असलेली, वेगळी म्हणून वापरली जाणारी इमारत किंवा तिचा भाग. भायखळ्याच्या पदपथावर बांबू, पत्रा आणि ताडपत्री लावून उभारलेल्या झोपडीला एक दार असते, कधी त्याला कुलूपही असते. ती घर की रस्ता? ते प्रगणकाच्या समजुतीवर राहते. बरे, तिला झोपडपट्टी म्हणावे, तर जनगणनेच्या झोपडपट्टीला सलग वस्ती लागते : किमान ३०० लोकसंख्या, म्हणजे साठ-सत्तर कुटुंबे. भिंतीला पाठ लावून रस्त्याच्या कडेने ओळीत पसरलेल्या पंधरा-वीस झोपड्या त्यात बसत नाहीत. त्यामुळे बेघरांच्याही रकान्यात नाही आणि झोपडपट्टीच्याही रकान्यात नाही, असे एक कुटुंब तीस वर्षे महानगराच्या मध्यभागी राहू शकते.

फेब्रुवारीचीही एक गंमत आहे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे बेघरांच्या मोजणीची रात्र येते तेव्हा बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या कडेला कोप्यांत राहत असतात. त्यांना गावाकडे घर आहे, मग ती बेघर नाहीत. पण कोपीत सहा महिने, विजेशिवाय आणि नळाशिवाय, बाळंतपणासकट संसार करणाऱ्या बाईला ‘घर असलेली’ म्हणायचे, तर त्या शब्दात उरते काय? मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर मुक्काम करणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, यांचाही पेच तोच. त्यांचे घर कुठे बिहारात, बंगालात, कुठे जालन्यात असते. उपचार इथे असतात. आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना वर्षानुवर्षे आधार देत आली आहे, पण तिच्या खोल्या किती आणि परळचे रुग्ण किती! बेघरपणा ही माणसाची जात नाही, अवस्था आहे. कुणाची आठवड्याची, कुणाची हंगामाची, कुणाची जन्माची. एका रात्रीची शिरगणती या तिघांना एकाच रेघेत ओढते आणि मग तिन्हींसाठी एकच औषध सुचवते.

दिल्लीचे उदाहरण तर एखाद्या संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे आहे. २००० साली आश्रय अधिकार अभियानाच्या कार्यकर्त्यांनी रात्री फिरून ५२,७६५ माणसे मोजली. २००८मध्ये दुसऱ्या एका स्वयंसेवी संस्थेला ८८,४१० मिळाली. २०११च्या जनगणनेत ४६,७२४ आणि २०१४च्या सरकारी पाहणीत १६,७६०. या चार आकड्यांतून दिल्लीच्या बेघरांविषयी काहीही कळत नाही. कळते ते मोजणाऱ्यांविषयी. सहा वर्षांत सत्तर हजार माणसांना घरे मिळाली असती, तर त्याचे समारंभ झाले असते.

इथे दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. शहराच्या लोकसंख्येचा एक टक्का बेघर असतो, असे गृहीत धरून चळवळीतले लोक मुंबईसाठी सव्वा लाख, दोन लाख असे आकडे सांगतात. एक टक्का हा नियोजनाचा ठोकताळा आहे. तो मोठा आहे म्हणून खरा होत नाही. सरकारच्या लहान आकड्याला आपला मोठा अंदाज हे उत्तर दिले की भांडण आकड्यांत अडकते, आणि नेमके तेच व्यवस्थेच्या पथ्यावर पडते.

मूळ आक्षेप वेगळा आहे. मोजणी खरी की खोटी, याची एक सोपी कसोटी मला सुचते : जो आकडा पोलिसांच्या गाडीने कमी करता येतो, तो बेघरपणाचा आकडा नव्हे. एका रात्री एका जागी दिसणारी माणसे हेच माप धरले, तर ते कमी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि जलद उपाय म्हणजे ती माणसे तिथून हलवणे. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात लोकांना बसमध्ये घालून शहराबाहेर नेले गेले. त्या आठवड्यात शिरगणती झाली असती, तर मुंबईतला बेघरपणा झपाट्याने घटल्याचे दिसले असते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिकेवर १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने मान्य केले. त्याच वेळी रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. तत्त्व पदपथवासीयांना मिळाले आणि पदपथ महापालिकेला. निकालाची कीर्ती तत्त्वामुळे झाली. कारवाई मात्र दुसऱ्या भागाच्या आधाराने चालत आली.

आता रिकाम्या निवाऱ्यांचा मुद्दा. पूर्वपक्षाचे हे सर्वांत आवडते शस्त्र आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. २००९च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा महापालिकेने पाडला आणि त्यातून सर्वोच्च न्यायालयाचे २०१०चे आदेश निघाले : शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण घेतले आणि एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे, दर माणशी ५० चौरस फूट जागा असे ठरवले. मुंबईची २०११ची लोकसंख्या १.२४ कोटी. म्हणजे १२४ निवारे, आणि ५०च्या हिशेबाने ६,२०० माणसांची सोय. शंभराचा हिशेब धरला तरी १२,४००. जनगणनेचे ५७ हजार खरे मानले, तरी हे प्रमाण शंभर टक्के पाळून चार-पाच माणसांतली एक आत जाणार. प्रत्यक्षात मुंबई त्या १२४च्या जवळपासही कधी गेली नाही. आणि बारकाईने पाहा : निकष एकूण लोकसंख्येवर बांधला आहे, बेघरांच्या संख्येवर नाही. म्हणजे इतक्या खटाटोपाने जी मोजणी केली, ती निवाऱ्यांची संख्या ठरवताना वापरलेलीच नाही!

तरीही काही निवाऱ्यांत जागा रिकाम्या राहतात, हे खरे आहे. का राहतात? निवारा बहुधा एकट्या पुरुषांसाठी असतो किंवा मुलांसाठी. नवरा, बायको, म्हातारी आई आणि तीन मुले यांना एकत्र घेणारा निवारा शोधावा लागतो. कुटुंब तोडून आत जाण्यापेक्षा कुटुंबासह बाहेर राहणे कुणीही पत्करील. दुसरे, हातगाडी, भांडी, फुगे-खेळण्यांचा माल, भंगाराची गोणी ठेवायची कुठे? माल चोरीला गेला तर उद्याचे भांडवल गेले. तिसरे, जागा. महापालिकेला जिथे इमारत मोकळी सापडते तिथे निवारा होतो; माणसाला तो कामाजवळ हवा असतो. पहाटे चारला फुलबाजारात किंवा मासळीबाजारात हजर व्हायचे तर आदल्या रात्री दोन स्टेशने पलीकडे झोपून चालत नाही. विहीर खारी म्हणून लोक पाणी भरत नाहीत, यावरून गावाला तहानच नाही असा निष्कर्ष काढावा, तसा हा रिकाम्या जागांचा युक्तिवाद आहे.

काम टाळण्याच्या आरोपाला मोठमोठ्यांचे पाठबळ मिळते. फेब्रुवारी २०२५मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्यांविषयीच्याच सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावरून न्या. भूषण गवई यांनी फुकट धान्य आणि पैसे मिळतात म्हणून लोक काम करायला तयार होत नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढले. न्यायमूर्ती अमरावतीचे, महाराष्ट्रातली शेतमजुरीची टंचाई सांगण्याच्या ओघात ते बोलले. मात्र ज्यांच्यासाठी सुनावणी चालली होती, त्या बेघराकडे रेशनकार्डच नसते, कारण त्याला पत्ता नसतो. फुकट धान्य त्याच्यापर्यंत पोचण्यातच अडचण आहे. आणि पदपथावर माणूस राहतो तो कामासाठी. स्पार्क या संस्थेने १९८५मध्ये भायखळ्याच्या ‘ई’ वॉर्डात पदपथावरच्या सहा हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. तीत दिसलेली एक गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते : बहुतेक जण कामावर चालत जात होते. मुंबईत, जिथे कारकून आणि कामगार विरार-कल्याणहून लोकलला लोंबकळत येतात, तिथे चालत कामावर जाता येणे ही चैन आहे. पदपथवासीयाने ती छपराच्या बदल्यात विकत घेतलेली असते. भाडे आणि प्रवासखर्च यांची बेरीज त्याच्या मजुरीत बसत नाही, म्हणून त्याने दोन्ही टाळले. यात आळस कुठे आहे? हा चोख हिशेब आहे.

कायद्याने मात्र हा गोंधळ पक्का करून ठेवला आहे. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, उपजीविकेचे उघड साधन नसलेला आणि भीक मागूनच जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही भिक्षेकरी धरतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मुंबईत मात्र तो आजही लागू आहे. मळके कपडे आणि पत्त्याचा अभाव एवढ्या भांडवलावर माणूस चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात पोचू शकतो, आणि तो पोचला की पदपथावरचा आकडा एकाने कमी होतो.

‘बाहेरचे’ या मुद्द्यावर जास्त शाई खर्च करण्याची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर आणि पुलांखाली राहणाऱ्यांत पारधी कुटुंबे ठळकपणे दिसतात. ती याच मातीतली आहेत. आणि सोयींच्या ओढीने लोक येतात म्हणावे, तर इतक्या थोड्या सोयी असलेल्या मुंबईत ते मुळात आलेच कसे? लोक कामाच्या ओढीने येतात. भायखळ्याच्या पदपथांवर दुसरी पिढी वाढलेली होती, हेही १९८५च्या पाहणीने दाखवले होते.

खंडन इथवर. आता मोजायचे कसे, याविषयी.

जागा मोजण्याऐवजी माणूस मोजावा. आणि माणूस मोजायचा म्हणजे त्याचे नाव, तो किती दिवसांपासून रस्त्यावर आहे, कुठून आणि कशाने आला, त्याला काय हवे, हे लिहायचे. ही यादी दर महिन्याला ताजी ठेवायची. मग प्रश्नच बदलतो. ‘किती आहेत?’ याच्या जागी ‘या महिन्यात नवे किती आले, किती जणांना घर मिळाले, आणि जे आले ते कुठून?’ हे विचारता येते. नवे येणारे रुग्णालयाच्या दारातून येत असतील तर तिथे धर्मशाळा लागेल. झोपडी पाडल्यामुळे येत असतील तर पाडकाम थांबवावे लागेल. बालगृहातून अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर येत असतील तर त्याला तिसराच उपाय. अमेरिकेतल्या काही गावांनी हे करून पाहिले. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डने, दीड लाखाच्या आसपास वस्तीचे गाव, माजी सैनिकांचा आणि दीर्घकालीन बेघरांचा प्रश्न अशा नावनिशीवार यादीच्या जोरावर २०१५ ते २०१७च्या दरम्यान जवळपास शून्यावर आणला. त्यांचे शून्य म्हणजे एकही बेघर नाही असे नव्हे. कुणी रस्त्यावर आलाच, तर त्याची गाठ लवकर पडते आणि त्याला घर देण्याची गावाची ताकद आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ते अमेरिकेत ठीक, इथे पदपथावरच्या माणसाची यादी कोण ठेवणार? उत्तर द्यायला दूर जायला नको. पल्स पोलिओच्या मोहिमेने पुलाखालचे, वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे, फलाटावरचे बाळ शोधून काढले आणि त्याच्या बोटाला शाई लावली. भटक्या कुटुंबांच्या वस्त्यांचे वेगळे नकाशे केले. २०११नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दुसरा दाखला निवडणूक आयोगाचा. बेघर माणसाने मतदार म्हणून नमुना ६ भरला, तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जायचे, तो खरोखर तिथे झोपतो का पाहायचे, आणि तेही एकापेक्षा जास्त रात्री. म्हणजे एका रात्रीवर विसंबू नये, हे याच सरकारी यंत्रणेच्या नियमपुस्तकात लिहिलेले आहे! अडचण कुवतीची नाही.

यादी झाली म्हणजे बेघरपणा कमी झाला, असे मात्र कुणी समजू नये. त्याच अमेरिकेत जानेवारी २०२४च्या गणनेत ७,७१,४८० बेघर निघाले, तिथल्या मोजणीतला तोवरचा उच्चांक. भाडी चढली, याद्या अद्ययावत राहिल्या आणि माणसे रस्त्यावर येत राहिली. फिनलंडने उलट टोक पकडले. तिथे १९८७पासून दरवर्षी मोजणी होते आणि तीत नातेवाइकांकडे, मित्रांकडे तात्पुरते राहणारेही धरतात. म्हणजे आकडा मुद्दाम मोठा दिसेल अशी व्याख्या. २००८पासून त्यांनी आधी घर, बाकीचे नंतर, हे धोरण घेतले. हेलसिंकीतली मोठमोठी वसतिगृहे बंद करून त्यांच्या स्वतंत्र खोल्या केल्या आणि राहणाऱ्याच्या हातात भाडेकरार दिला. १९८०च्या दशकात अठरा हजारांवर असलेला आकडा २०२३मध्ये ३,४२९ झाला. २०२४मध्ये, सामाजिक भत्त्यांत कपात सुरू झाल्यावर, तो ३,८०६वर चढला. ही वाढही मला त्या मोजणीच्या खरेपणाचा पुरावा वाटते : धोरण ढळले की वर्षभरात आकडा बोलतो.

आपल्याकडे भाडेकरार कुठून आणायचे, असे विचारणाऱ्यांनी मुंबईचाच इतिहास आठवावा. गिरणगावात येणारा कोकणातला तरुण पहिल्या दिवशी पदपथावर झोपत नव्हता. त्याच्या गावाच्या मंडळाची चाळीत खोली असे. वीस-तीस जण पाळीपाळीने तिथे झोपत, जेवण खाणावळीत, भाडे वाटून. गोव्यातल्या गावांचे कूड धोबीतलाव-माझगाव भागात होते, त्यांतले काही आजही आहेत : बोटीवर जाणारा खलाशी महिन्याचे नाममात्र शुल्क भरून भिंतीशी आपली ट्रंक ठेवी आणि जमिनीवर पथारी पसरी. आरोग्याच्या दृष्टीने त्या खोल्या आदर्श नव्हत्या, त्यांच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. पण आजच्या निवाऱ्यात जे नाही ते सगळे तिथे होते. जागा कामाजवळ होती, सामान सुरक्षित राहत होते, शुल्क भरल्यामुळे हक्क होता आणि कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नव्हता. गिरण्या गेल्या, जमिनीचे भाव चढले, आणि स्वस्त भाड्याची ही पायरी शहराच्या बाजारातून नाहीशी झाली. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी होती. बेघर ५७ हजार. रिकाम्या फ्लॅटमध्ये हमाल राहायला जाणार नाही, हे मलाही कळते. त्याला लागते महिन्याला हजार-दीड हजारांत, बाजारापासून चालण्याच्या अंतरावर, कुलूप लागणारी पेटी असलेली झोपण्याची जागा, आणि कुटुंब असेल तर तशीच एक खोली. ती कोणी बांधत नाही. कारण ती हवी आहे, हे कुठल्याच मोजणीतून पुढे येत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पूर्वपक्षाकडून येणार नाही, तो पारध्यांकडून येईल. आमची नावे लिहून घेणाऱ्यांचा अनुभव आम्हाला आहे, असे ते म्हणतील. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नावनिशीवार नोंद केली, ती हजेरी घेण्यासाठी आणि हालचालींवर पाळत ठेवण्यासाठी. तो कायदा १९५२मध्ये गेला; पोलिसांच्या सवयी इतक्या लवकर जात नाहीत. या आक्षेपाला ‘तसे होणार नाही’ हे उत्तर पुरत नाही. जनगणना कायद्याच्या कलम १५ने जनगणनेची नोंद कुणालाही पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही; पण म्हणूनच तिच्यातली नावे महापालिकेच्या वॉर्डालाही कधी मिळणार नाहीत. वॉर्डाला आपली यादी स्वतः करावी लागेल, आणि तिला तेवढेच कुंपण लागेल. ती अतिक्रमण निर्मूलन विभागाच्या टेबलावर जाता कामा नये.

अशा यादीला मुंबईत आधार आहे. भायखळ्याच्या त्या पाहणीनंतर पदपथावरच्या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. झोपड्यांना नंबर देणे, कुटुंबांची नोंद करणे, नोंद सगळ्यांसमोर मांडून चुका दुरुस्त करणे हे काम वस्तीतल्याच लोकांनी केले. पुढे रेल्वेच्या कडेच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले, तेव्हा अशा वस्तीने केलेल्या नोंदी सरकारी कामाचा भाग झाल्या. भायखळ्याची काही पदपथवासी कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात स्वतःच्या घरांत गेली. नावे वस्तीच्या संघटनेकडे राहावीत आणि वॉर्डाने दर महिन्याला फक्त संख्या जाहीर कराव्यात : नवे किती आले, किती जणांना खोली मिळाली, किती गावी परतले. आणि एक रकाना ज्यांचा पुढे पत्ताच लागला नाही त्यांचा. सध्याच्या पद्धतीत ही शेवटची माणसे घट म्हणून जमा होतात.